शनिवारी खून नाहीत

दर ऑक्टोबरला माझा फोन मला तो सिनेमा सुचवतो. भोपळ्याचं चित्र, मुखवटा घातलेला एक इसम, हातात चाकू. सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची फुकटात जाहिरात करायची माझी अजिबात इच्छा नाही. खाली लोकांचे अभिप्राय असतात. बहुतेकांचं म्हणणं असं, की सिनेमा भिकार आहे, मुखवटा सुपरमार्केटातला वाटतो आणि कथा शोधूनही सापडत नाही. पण एका प्रसंगाचं सगळेच कौतुक करतात. जिन्याखालचा तो खून किती खरा वाटतो म्हणे. हे वाचलं की माझं डोकं फिरतं आणि मला लिआबाई आठवतात.

लिआबाई लंडनमध्ये पिनरला आमच्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे मुंबईच्या मराठी ज्यू. भायखळ्यात वाढलेल्या, नर्सिंग शिकून तरुणपणीच इंग्लंडला आलेल्या आणि इथल्या हॉस्पिटलात चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी कार्डिगनवर नर्सचं ते उलटं घड्याळ टाचलेलं असायचं. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं आणि राग माझ्यापेक्षा सरळ. जगातल्या सगळ्या वाईट गोष्टींसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, भोंगळ. सरकार भोंगळ, कौन्सिलची कचऱ्याची गाडी भोंगळ, आणि पहिल्या भेटीतच कळलं की मीही जरा भोंगळच.

मी तेव्हा वर्षाकाकूंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. पुण्याच्या कंपनीने पाठवलेली सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि तारीखवार लिहून ठेवायच्या, याचा मला पगार मिळतो. वर्षाकाकू म्हणजे आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं मुख्यालय. गणपतीला कोण काय आणणार इथपासून कोणाच्या मुलाला कुठली शाळा इथपर्यंत सगळं त्यांच्या डायनिंग टेबलावर ठरायचं. मी नवीन आले तेव्हा तापाने फणफणले होते. काकूंनी आठवडाभर मला मऊ भात भरवला. हे मी विसरले नव्हते, आणि काकूंनी विसरूही दिलं नव्हतं.

त्यांचा मुलगा नील इथेच जन्मलेला. आठवडाभर बँकेत नोकरी आणि शनिवार-रविवार सिनेमा. त्याला हॅलोवीनचा एक स्लॅशर काढायचा होता. मुखवटेवाला येतो, एकेकाला चाकूने मारतो, शेवटी एक मुलगी उरते, एवढंच. लिआबाईंच्या शेजारचं घर विकलं गेलं होतं. नव्या मालकाचा बिल्डर कामाला लागेपर्यंत ते रिकामं होतं आणि नीलने ते ऑगस्टपुरतं मागून घेतलं. रात्र परवडत नव्हती, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या असत्या. म्हणून खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवून भर दुपारी रात्र केली जायची. ऑगस्टात भोपळे मिळत नाहीत, म्हणून कलिंगडांना केशरी रंग द्यायचो. कुठल्या शॉटमध्ये कोणती वस्तू कुठे होती, याची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. काकू म्हणाल्या, तुझा तर हातखंडा आहे लिहून ठेवण्यात.

पहिल्याच रविवारी बागेतल्या वाटेवर आम्ही रक्त सांडलं, आणि कुंपणापलीकडून लिआबाई बघत उभ्या राहिल्या. मी आणि नील मराठीत बोलत होतो, म्हणजे मी मराठीत आणि तो त्याच्या मराठीत.

"सॉरी आंटी, धिस इज माझा फिल्म," नील म्हणाला. "काळजी करू नका. हा फेक ब्लड आहे."

"फेक आहे ते दिसतंय," लिआबाई म्हणाल्या. "हा जॅम आहे. माणूस कापला की आतून जॅम येतो, हे तुला कोणी सांगितलं?"

त्यांना राग आला होता आणि तो खरा होता. सिनेमा काढताहात त्याचा नाही. वाईट काढताहात त्याचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या एका बाजूला कोंबडी मिठात घातलेली होती. त्यांच्या धर्मात रक्ताचा थेंबही पोटात जाता कामा नये. म्हणून आधी पाण्यात भिजवायची, मग तासभर मिठात ठेवायची, मग तीनदा धुवायची. दुसऱ्या बाजूला गॅसवर नीलचं रक्त उकळत होतं. साखरेचा पाक, कॉर्नफ्लोर, कोको, लाल रंग आणि चमच्याच्या टोकावर निळा. एकीकडे रक्त काढून टाकायचं, दुसरीकडे रक्त करायचं, आणि मध्ये या बाई दोन वेगळे चमचे घेऊन उभ्या. ते पातेलं त्यांनी कपाटात वेगळं ठेवलं होतं आणि त्याला 'नीलचं पातेलं' म्हणायच्या.

रक्ताचे त्यांनी तीन प्रकार केले होते. धमनीचं, शिरेचं आणि शिळं. बरण्यांवर मराठीत चिठ्ठ्या. मी म्हटलं, हुबेहूब झालंय. त्या म्हणाल्या, "हुबेहूब नाही होत. पाक चिकटून बसतो, बोटांच्या बेचक्यात राहतो. खरं रक्त थांबत नाही. मनगटावरून धावतं आणि कोपरावरून गळतं." मग मला हात धुवायला लावले, कोपरापर्यंत.

अशा रीतीने त्या सिनेमात आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या आल्यावर मुखवटेवालाही वेळेवर येऊ लागला. नीलला त्यांनी एकदा विचारलं, हा माणसं का मारतो. नील म्हणाला, कारण नाही, हॅलोवीन आहे. लिआबाई म्हणाल्या, कारण नसताना माणसं मेलेली मी खूप पाहिली आहेत, त्यात गंमत नसते. पण पुढच्या रविवारी बरण्या घेऊन पुन्हा हजर.

चाकूही मग त्यांनीच ताब्यात घेतले. चाकू तीन होते आणि तिन्ही दिसायला सारखे. एक रबरी, नीलने इतका सुंदर रंगवलेला की ओळखू येत नसे. एक लोखंडी पण धार घासून टाकलेला, चमक दाखवायला. तिसरा खरा, कलिंगडं कोरायला. लिआबाईंनी ते एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि नियम केला. प्रत्येक खुनाआधी काउंट. ऑपरेशन संपवताना पोट शिवण्याआधी थिएटरमध्ये सगळी हत्यारं, सगळे कापसाचे बोळे मोजतात, तसा. आणि दोघींनी मोजायचं, एकदम, मोठ्याने. एकटीचा काउंट हा काउंट नाही. दुसरी म्हणून त्यांनी मला धरलं. प्रत्येक पात्यावर अंगठा ठेवायचा आणि म्हणायचं, एक, दोन, तीन. मग खरा चाकू डब्यात परत, झाकण बंद, डबा माझ्या मांडीवर, आणि मगच खून.

नील वैतागायचा. त्याचा प्रकाश जायचा, म्हणजे दिव्याची बॅटरी जायची. पण नायिकेचं काम करणाऱ्या मेगनला हा प्रकार फार आवडला. मेगन कार्डिफची, नाटकाच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, फुकट काम करायला खुशीने आलेली. ती भिंतीला टेकून, अंगावर लिआबाईंचं रक्त घेऊन, आमच्याबरोबर मोजायला शिकली. एक, दोन, तीन. तिचा 'टीन' लिआबाईंना चालायचा, पण 'दोन' त्या तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायच्या.

या काउंटमागची गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली. एका मोठ्या सर्जनला घरी जायची घाई होती. टाके घालायला त्याने हात पुढे केला आणि लिआबाईंनी सुई दिली नाही. एक बोळा कमी येत होता. तो सगळ्यांसमोर ओरडला, हिला मोजता येत नाही, आपल्या देशात जाऊन मोज म्हणावं. त्या सुई हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी बोळा सापडला, पेशंटच्या पोटात. "सॉरी म्हणाला नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी त्याने थिएटरला दुसरी सिस्टर मागितली. चाळीस वर्षांत माझा काउंट कधी चुकला नाही, पोरी. माझ्याकडे दुसरं काही नाही दाखवायला." हे सांगताना त्यांचा राग ताजा होता, आणि मधे किती वर्षं गेली असतील.

आता शनिवारचं सांगते. शुक्रवारी संध्याकाळी लिआबाई दिवा लावायच्या आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत कोणतंही काम करायच्या नाहीत. त्यांच्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, कारण गावातले बाकीचे घाणे चालू आणि यांचा शनिवारी बंद. हे त्या कौतुकाने सांगायच्या. म्हणून आमच्या वेळापत्रकावर त्यांनी स्वतःच्या हाताने जाड पेनने लिहिलं होतं, शनिवारी खून नाहीत. शनिवारी माणसं पळायची, दारं वाजायची, कलिंगडं कोरली जायची. मरणं सगळी रविवारी. नीलचे मित्र त्यावर हसायचे आणि त्या हसू द्यायच्या.

शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी, आम्ही दोघींनी काउंट केला. डबा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "कलिंगडं कापा. माणसं नकोत."

त्याच संध्याकाळी बिल्डरने कळवलं की तो सोमवारऐवजी रविवारी सकाळीच येणार. जिन्याखालचा खून राहिला होता. शनिवारी दुपारी नील म्हणाला, आत्ताच करू. मी म्हटलं, काउंट? तो म्हणाला, टाईम नाही, लिआ आंटी नाहीयेत, आणि तसंही तो तिचा ड्रामा आहे. मी काय केलं? मी वहीत लिहिलं. शनिवार, काउंट झाला नाही, नील म्हणाला टाईम नाही. माझं कामच ते, चुका लिहून ठेवायच्या. डबा मांडीवर होता तो मी नीलने मागितला तसा दिला. मोजायला तोंड उघडलं नाही. कलिंगड कोरून झालेलं होतं, टेबलावर तिन्ही चाकू पडले होते, काळ्या पिशव्यांमुळे खोलीत नीट दिसत नव्हतं आणि मुखवटेवाल्याच्या हातात जाड चामडी हातमोजे होते. त्याला रबर आणि लोखंड कळणार कसं? त्याने एक उचलला. झटापटीत मेगनने ठरल्याप्रमाणे पातं मुठीत धरलं आणि तो ठरल्याप्रमाणे हिसडला.

ती ओरडली ते सगळ्यांना अभिनय वाटलं. नील तर कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवत होता.

दोन बोटांचे स्नायुबंध तुटले होते. ऑपरेशन झालं, पण ती दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. लिआबाई रविवारी सकाळी हॉस्पिटलात गेल्या, डबा घरी घेऊन गेल्या, आणि त्या आठवड्यात त्यांनी मेगनच्या हातासाठी मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं घातलेला, देवाला सांगून. कार्डिफहून आलेल्या तिच्या आईला त्यांनी तो वाटीत घालून दिला. नील त्या आठवड्यात सिनेमा जुळवत होता.

मग शूटिंगच्या विमा कंपनीचा फॉर्म आला. चाकू कोणाच्या ताब्यात होते?

वर्षाकाकूंनी मला खाली बोलावलं. पोहे केले होते, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. त्या म्हणाल्या, लिआबाईंचं नाव कागदावर आहेच, वस्तूंची जबाबदारी म्हणून. त्यांचं वय झालंय, त्यांना कोण काय करणार? नीलचं आत्ता कुठे सुरू होतंय. मी म्हटलं, काकू, त्या शनिवारी तिथे नव्हत्या. काकूंनी माझ्या पानावर आणखी पोहे घातले.

"अगं, त्या चांगल्याच आहेत, पण त्या काही आपल्यातल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "नील आपला आहे."

मला आजही ते वाक्य आठवलं की अंगाची आग होते. ज्या बाई माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होत्या, त्या आपल्यातल्या नाहीत, आणि ज्याला धड मराठीही बोलता येत नाही तो आपला. पण आग त्या दिवशी झाली नाही. त्या दिवशी मी पोहे खाल्ले. वर गेले, वहीतलं पान फाडलं, आणि नवं लिहिलं. शुक्रवारी चाकू लिआबाईंनी मोजून डब्यात भरले होते, एवढंच. प्रत्येक शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं. खाली माझी सही.

विमा कंपनीचं पत्र लिआबाईंना गेलं. चाकूंची सरमिसळ त्यांच्याकडून झाली असावी, अशा अर्थाचं. त्या रस्ता ओलांडून आल्या, दार मी उघडलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, शनिवारी मी कुठे असते तुला ठाऊक आहे ना. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळ सरळ केलं आणि परत गेल्या. मी आतून कडी लावली, जशी काही त्याच चोर होत्या.

ऑक्टोबरात काकूंनी हॉल घेतला आणि सिनेमा दाखवला. मंडळी नटून आली होती, कोणी भूत होऊन, कोणी नुसती पैठणी नेसून. बटाटेवडे होते. लिआबाई शेवटच्या रांगेत येऊन बसल्या. शेजारी मेगन, हातावर अजून पट्टा. कोणालाच ते आवडलं नाही, पण हॉलचं दार सगळ्यांना उघडं होतं.

जिन्याखालचा खून आला. नीलने तोच शॉट ठेवला होता. तीच किंकाळी, तोच हात. मेगनने सुरुवातीला सही केलेला परवानगीचा कागद त्याच्याकडे होताच, तो तिला विचारायला गेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, बापरे, किती खरं. मग शेवटच्या रांगेतून आवाज आला, थिएटरमध्ये काउंट सांगावा तसा स्पष्ट.

"हे माझं नाही."

लिआबाई उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर रक्त मनगटावरून धावत होतं, कोपरावरून गळत होतं.

"बाकी सगळं मी केलंय. हे मी केलेलं नाही. हे या मुलीचं आहे," त्या म्हणाल्या, आणि मग मेगनसाठी इंग्रजीत तेच पुन्हा. मेगन आपल्या हाताकडे बघत होती. पुढच्या रांगेतून वर्षाकाकू म्हणाल्या, बसा हो, नंतर बोलू. सिनेमा चालूच होता. आणि मी तिसऱ्या रांगेत हातात वडा घेऊन बसले होते. त्या दोघी निघून गेल्या. दार आपोआप बंद झालं आणि पडद्यावर पुढचा माणूस मारायला घेतला.

मला माझाच इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. फाडलेलं पान मी टाकलं नव्हतं. चुका टाकून द्यायची सवय नसते आमच्या धंद्यात. रात्री खोलीत बसून मी विमा कंपनीला पत्र लिहिलं, सगळं, माझ्या पहिल्या सहीसकट, आणि ते पान सोबत जोडलं. सकाळी रस्ता ओलांडून लिआबाईंच्या दारात उभी राहिले.

त्यांनी मला आत घेतलं नाही. दारातच चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग आत गेल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. झाकण काढून माझ्यासमोर धरला.

"मोज," त्या म्हणाल्या.

मी प्रत्येक पात्यावर अंगठा ठेवला. एक. दोन. तीन. त्या माझ्याबरोबर मोजत नव्हत्या.

"आता सही कर."

दाराच्या चौकटीवर कागद टेकवून मी सही केली. सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, ते मेगनला सांग, आणि दार लावून घेतलं.

मी मेगनला फोन केला. तिने ऐकून घेतलं, माफ केलं नाही. काकूंची खोली मी त्याच महिन्यात सोडली. पुढे कंपनीने लिआबाईंचं नाव काढलं, आणि वर्षभरात त्या ग्लासगोला लेकीकडे राहायला गेल्या. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पण त्या सकाळी दार लागल्यावर मी लगेच निघाले नव्हते. दाराला काचेची पट्टी होती. तिच्यातून आतलं टेबल दिसत होतं. लिआबाईंनी डबा टेबलावर ठेवला, झाकण पुन्हा काढलं आणि एकेका पात्यावर अंगठा ठेवत, एकट्याच, मोठ्याने मोजायला लागल्या.